कुंकवाने न पसरणारी शाई

कुठलाही कागद हातात दिला की काका तो वाचायच्या आधी त्याला ओलं बोट लावत. उजवा अंगठा जिभेला टेकवायचा, कागदावरच्या एखाद्या शब्दावर दाबून घासायचा आणि मग चष्मा कपाळावर चढवून अंगठ्याकडे बघायचं. अंगठ्याला रंग लागलेला असला की ते नुसतं "हं" म्हणत, आणि त्या "हं"मध्ये कागद लिहिणाऱ्यापासून छापणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा निकाल लागत असे. वर्तमानपत्र, विजेचं बिल, देवळाची पावती, कशालाही सूट नव्हती.

माझ्या बारावीच्या मार्कशीटलाही त्यांनी बोट लावलं होतं. आमच्या घरात एवढं शिकलेली मी पहिली. बाबांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत घालून आणला होता. काकांचा अंगठा माझ्या गुणांवर फिरला तेव्हा बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

शाई हलली नाही. काका म्हणाले, "पास झाली तुमची मुलगी. आता पक्की पास झाली."

तेव्हापासून ते मला नावाने हाक मारत नसत. "काय कॉलेज, आज उशीर?" असं म्हणत. मला ते आवडायचं आणि त्याची भीतीही वाटायची. कॉलेज म्हटलं की काही तरी यायला हवं असं वाटे, आणि मला फारसं काही येत नव्हतं.

काका माझे टायपिंगचे मास्तर. त्यांचं इन्स्टिट्यूट ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका गल्लीत होतं. मी मिलच्या वस्तीतून, हजीऱ्याहून, टेंपोने सकाळी तिथे जायची आणि तिथून कॉलेजात. बाबांची मिल बंद पडली होती आणि ते एका गोदामावर चौकीदारी करत होते. ते म्हणत, "कॉलेजचं काय होईल ते होईल, बेटा. टायपिंग हातात असली तर भूखी तो नहीं मरेगी." पण मी शिकायला लागले तोवर टायपिंग शिकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ओळीने मांडलेल्या मशिनांवर पिवळी पडलेली कापडी झाकणं आणि त्यांच्यामध्ये मी एकटी टकटक करत बसलेली, असं ते इन्स्टिट्यूट होतं.

काकांचा खरा धंदा मात्र लग्नपत्रिकांचा होता. ग्वाल्हेरातल्या मराठी घरांच्या पत्रिका ते लिहून देत, एका हिंदी प्रेसमधून छापून आणत आणि मुद्रितं स्वतः तपासत. त्या प्रेसकडे "ळ" नव्हता. काकांच्या खिशात तपकिरीच्या डबीत स्वतःचे शिशाचे "ळ" असत. ते प्रेसमध्ये जाऊन आपल्या हाताने बसवत आणि छपाई झाली की काढून, पुसून परत डबीत घालत. मुद्रितं तपासताना ते शेवटच्या शब्दापासून उलटे मोठ्याने वाचत. गल्लीतल्या शिंप्याची समजूत होती की हे काही तरी तांत्रिक विद्या करतात. तो त्यांना शिलाईचे पैसे मागताना जरा जपूनच मागायचा.

आणि एक. मुलीकडची मंडळी पत्रिकेचा मजकूर घेऊन आली तरी मुलीच्या घरी जाऊन, मुलीला भेटल्याशिवाय काका पत्रिका छापत नसत. "तुझं नाव तुला कसं छापून हवंय?" एवढंच विचारत. बहुतेक मुली लाजून सांगत. एकदा एक मुलगी काही बोललीच नाही. वडील म्हणाले, "अहो, मी सांगतो ना." काका चहा पिऊन उठले आणि "मुलगी सांगेल तेव्हा छापू" म्हणून निघून आले. ते काम पुन्हा आलं नाही. मी त्यांना विचारलं की तुम्हाला काही कळलं होतं का. ते म्हणाले, "छे. मला कुठे काय कळतं? पण न विचारता नाव छापलं की मला रात्री झोप येत नाही."

झोप त्यांना एरवीही कमीच येत असावी. काळजी लागली की ते टाइपरायटरसमोर बसत आणि कागद न लावता टाइप करत. नुसती टकटक, उघड्या रुळावर. गल्लीच्या तोंडाशी मला तो आवाज कळायचा. कागदावरचा आवाज मऊ असतो, हा कोरडा असायचा. तो ऐकला की मी पायऱ्या हळू चढायची.

ज्या वर्षी राज्याचे दोन तुकडे झाले आणि छत्तीसगढ वेगळं निघालं, त्या वर्षी तो कोरडा आवाज रोज ऐकू यायला लागला. सरकारी नोकरांची वाटणी चालू होती. कोण इथे राहणार, कोण रायपूरला जाणार, काही नक्की नव्हतं, आणि काकांची निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं सरकारी नोकरीतली.

काका म्हणत, "माझ्या बघण्यात हे पुन्हा होतंय. संस्थान गेलं तेव्हा मी लहान होतो. मग राजधानी भोपाळला गेली. तेव्हा गल्लीच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या. आता ही तिसरी पाळी."

भोपाळच्या वेळी त्यांच्या वडिलांचं दफ्तर मालगाडीने गेलं होतं. डब्यात पाणी शिरलं. वडिलांच्या नोकरीच्या कागदांवरची शाई पसरली आणि नावाच्या जागी निळं डबकं झालं. मी मीच आहे हे सांगत ते पुढे कितीतरी वर्षं कचेऱ्या हिंडले. काकांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही रिबीन बदलता बदलता, आणि लगेच म्हणाले, "तू बोटं बघ आपली. अनामिका आळशी आहे तुझी."

तिसऱ्या पाळीने एक विचित्र गोष्ट केली. काकांचं काम आधी वाढलं. जायच्या आधी मुलीचं उरकून टाकू, असं घराघरात ठरायला लागलं. लग्नं घाईची, छोटी, आणि पत्रिका मोजक्या. त्याच सुमारास ते हिंदी प्रेस बंद झालं. मोठे छापखाने एवढ्या थोड्या पत्रिकांना हात लावत नव्हते, मराठी तर नाहीच.

काकांचा मुलगा इंदूरला होता. त्याने आपला जुना कम्प्यूटर पाठवला होता, आणि फोनवर तो एकच गोष्ट सांगे: दुकान बंद करा आणि इकडे या. काकांना मुलाचा राग नव्हता. पण इंदूरचं नाव निघालं की ते चष्मा काढून पुसत बसत. "तिथे मी काय करू? सोफ्यावर बसू? सोफ्यावर बसलेला म्हातारा बघितलास कधी? आरडर घ्यायला कोणी येत नाही त्याच्याकडे."

मग पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं. एक मशीन ठेवून बाकीची सगळी विकायची आणि कम्प्यूटरला जोडायला रंगीत इंकजेट प्रिंटर घ्यायचा. हे चुकलं तर दुसरं काही विकायला नव्हतं. मग इंदूरच.

"आणि प्रिंटर तू निवडायचा," ते मला म्हणाले.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक प्रिंटर होता खरा. तो कव्हरखाली असायचा आणि कव्हरला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. मी खरं तेच सांगितलं. "काका, मला प्रिंटरमधलं काहीच माहीत नाही. सच में."

"म्हणूनच तू. दुकानदाराला सगळं माहीत असतं. मला कोणी तरी घाबरणारं हवंय बरोबर."

घरी सांगितलं तर बाबांचं जेवण थांबलं. "तू कशाला पडतेस यात? उद्या मशीन बिघडली तर मास्तर काय म्हणतील? चौकीदाराची मुलगी, इसको क्या पता. नाव आपलं जाईल."

तेच माझ्याही मनात होतं.

पहिलं दुकान लष्करातच होतं, काचेचं. सेल्समन माझ्याहून थोडाच मोठा. त्याने एका रंगीत पोपटाचं चित्र छापून दाखवलं. पोपट इतका सुंदर आला की मी आता हेच घ्या म्हणणार होते. काकांनी अंगठा जिभेला लावला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पोपटाची हिरवी शेपूट त्याच्या लाल चोचीपर्यंत गेली होती.

"अंकल जी, ये क्या कर दिया आपने?" सेल्समन म्हणाला.

"आमच्याकडे पत्रिकेला कुंकू लागतं, भैया. पाण्यात कालवून."

"शादी का कार्ड कोई गीला करता है क्या?"

"आम्ही करतो," काका म्हणाले, आणि मला जरा शरम वाटली, जरा बरंही वाटलं. आमच्या घरीसुद्धा आई पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना ओल्या कुंकवाचं बोट लावून पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची. त्याचा शाईशी काही संबंध असेल असं मला कधी सुचलं नव्हतं.

काकांनी पिशवीतून पत्रिकेचा जाड कागद काढला. हा छापून दाखव म्हणाले. त्या मशीनमध्ये कागद पुढून आत जायचा, पोटात वळायचा आणि परत पुढूनच बाहेर यायचा. जाड कागद आत गेला तो आलाच नाही. सेल्समनने ओढून काढला तेव्हा त्याच्या मधोमध मोड पडली होती. आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर काका म्हणाले, "कॉलेज, तू काय बघितलंस?"

"कागद आत वळतो," मी म्हटलं. "न वळता सरळ खाली येणारी मशीन असेल तर मोड नाही पडणार. बहुतेक."

"बहुतेक," काका म्हणाले. हा शब्द त्यांना आवडला असावा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला जाईपर्यंत टेंपोत ते दोनतीनदा पुटपुटले.

मुरारचं दुकान एका निवृत्त फौजीचं होतं. त्याच्याकडे मागच्या बाजूने कागद घेऊन सरळ पुढे सोडणारी मशीन होती. जाड कागद न वाकता खाली उतरला. त्यावर काळ्या अक्षरांत छापलेली ओळ काकांनी ओल्या अंगठ्याने घासली. थोडं थांबून पुन्हा घासली. मग मलाही घासायला लावली. शाई हलली नाही.

"आणि रंगीत?" मी विचारलं.

"कलर का कार्ट्रिज अभी खतम है, बिटिया. नए में आएगा. कंपनी तो एक ही है."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. बाहेर उन्हाची लू सुटली होती आणि दुकानाचं शटर हलत होतं. आणखी कुठे जायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं. "बहुतेक ठीक आहे," मी म्हटलं. फौजीने पावती करता करता बजावलं, "एक बात. गर्मी में इसका हेड सूख जाता है. काम हो न हो, रोज एक पन्ना छापना."

काका त्याचं हे बजावणं अक्षरशः पाळत. रोज सकाळी ते एका कागदावर सगळे रंग वापरून "आज दुकान उघडे आहे" असं छापत आणि दारावर चिकटवत. दुकान तर समोर उघडंच दिसत असे. शिंपी म्हणाला, "मास्तर, दिसतंय की आम्हाला." काका म्हणाले, "तुमच्यासाठी नाही, मशीनसाठी आहे. तिला खात्री लागते." मुरारला एकदा बोट लावून झालं होतं, म्हणून या कागदाला मात्र त्यांनी ते लावलं नाही.

पहिलं काम दर्पण कॉलनीतून आलं. मुलीचे वडील पाटबंधारे खात्यात, बदली रायपूरला ठरलेली, ते आधीच जाऊन रुजू झालेले. घरी आई आणि लग्नाची मुलगी. काका मला बरोबर घेऊन गेले. सामान अर्धं बांधलेलं होतं. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, "काका, घरचं नाव नको, शाळेतलं घाला. ससुराल में तो सब बदल ही देंगे." आईने तिच्याकडे बघितलं. काकांनी शाळेतलं नाव लिहून घेतलं.

पत्रिका छापताना आम्ही श्वास धरून बसलो होतो. वर लाल गणपती, खाली काळा मजकूर. एकेक जाड कागद सरळ उतरत होता, मोड नाही, डाग नाही. मी मनातल्या मनात बाबांना दाखवत होते: बघा. काकांनी एक पत्रिका उलटी वाचून काढली. सगळं बरोबर होतं. शाई वाळली की बोट लावू म्हणाले, आणि मी कॉलेजला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशीच तो आवाज ऐकू आला. कोरडी टकटक, न थांबता.

टेबलावर पत्रिकांचा गठ्ठा होता आणि वरच्या पत्रिकेवरचा गणपती खाली मुलीच्या नावापर्यंत पसरला होता. काळी अक्षरं जागच्या जागी होती. लाल मात्र राहिला नव्हता. काकांचा अंगठा लाल झाला होता आणि ते त्याच अंगठ्याने टाइप करत होते, त्यामुळे मशीनच्या स्पेसबारलाही लाल लागलं होतं.

"काळ्यात छापू या परत," मी म्हटलं.

"काळा गणपती? लग्नाच्या पत्रिकेवर?"

"मग गणपती नकोच."

"गणपतीशिवाय? कॉलेज, काय बोलतेस."

खरं होतं. पत्रिका आजच द्यायच्या होत्या, त्या पोस्टात पडायच्या होत्या. मी म्हटलं, "काका, त्यांना सांगू की कोरडं कुंकू लावा."

"कोणी ऐकेल? आई आहे ती. सवयीने बोट पाण्यात बुडवेल, आणि मुलीच्या नावावर गणपती ओघळेल. मग लोक काय म्हणतील मला माहीत आहे. मशीनचं नाव नाही घेणार, त्या मुलीच्या नशिबाचं घेतील." ते उठले, लाल अंगठा रुमालात गुंडाळला. "चल. आधी आपण बोट लावायचं, मग दुनियेने."

"मी येऊ?" मला यायचं नव्हतं. पण मशीन मी निवडली होती.

"बोट माझं होतं मुरारला," ते म्हणाले. "पण चल. एकट्याला मला जमणार नाही."

टेंपोत ते इंदूरबद्दल बोलत राहिले. तिथे पाणी चांगलं आहे, पोहे मिळतात, नातू आहे. मी हो हो म्हणत होते. त्यांनी मनात सामान बांधायला घेतलं आहे, असं मला वाटलं.

दर्पण कॉलनीत दार काकूंनी, म्हणजे मुलीच्या आईने, उघडलं. काकांनी चपला काढायच्या आधीच पाण्याची वाटी मागितली. वाटी आल्यावर त्यांनी एक पत्रिका टीपॉयवर ठेवली, अंगठा बुडवला आणि त्या दोघींच्या देखत गणपतीवर फिरवला. लाल ओघळ खाली आला.

"हे असं होतंय," ते म्हणाले. "काम माझं आहे. तुम्ही सांगाल ते करू. नको असतील तर नको."

मुलगी वाकून बघत होती. काकू म्हणाल्या, "अहो, आधी बसा तर." आणि आत गेल्या. काका बसले नाहीत. आतून डबे सरकवल्याचा आवाज येत होता. चहा टाकतायत असं मला वाटलं.

काकू बाहेर आल्या त्या कुंकवाचा करंडा आणि देवापुढच्या दिव्याच्या तेलाची बुधली घेऊन. वाटीतलं पाणी त्यांनी खिडकीतून तुळशीत ओतलं, वाटी पदराने पुसली, थोडं कुंकू घेतलं आणि त्यावर तेल टाकलं. बोटाने घोटलं. दुसरी पत्रिका घेऊन कोपऱ्याला लावलं, आणि मग सरळ गणपतीच्या सोंडेवर.

"बघा बरं आता."

काकांनी चष्मा वर केला. अंगठा पुढे नेला, मागे घेतला, परत पुढे नेला. घासलं. लाल हललं नाही. कुंकवाभोवती तेलाची बारीक कड तेवढी उमटली होती.

"तेल जरा कमी हवं," काकू म्हणाल्या.

"पण हे चालतं का?" काका म्हणाले. "पत्रिकेला, तेलातलं?"

"मारुतीला शेंदूर कशात लावतात? तेलातच ना? वर्षभर पाऊस झेलतो तो, पसरतो का कधी?"

"पण रीत..."

"मुलगी माझी आहे. मला चालतंय ना? मग झालं."

मुलगी हसायला लागली. "आई, तूने तो रिवाज ही बदल दिया." काकू म्हणाल्या, "गप्प बस आणि बोटं धू. सगळ्या पत्रिकांना लावायचंय." मग आम्ही चौघं खाली सतरंजीवर बसलो, अर्ध्या बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये, आणि कोपऱ्यांना बोटं लावत राहिलो. काका प्रत्येक पत्रिका लावून झाली की तिला एकदा ओला अंगठा लावून बघायला जात आणि काकू त्यांचा हात बाजूला करत. "बस झालं हो. किती परीक्षा घ्याल?"

परत येताना ते इंदूरबद्दल काही बोलले नाहीत.

त्यानंतर काकांच्या प्रत्येक पत्रिकेबरोबर तेलात घट्ट कालवलेल्या कुंकवाची डबी जात असे. तपकिरीची ती जुनी डबी रिकामी झाली होती. "ळ" आता कम्प्यूटरमध्येच होता. नमुना म्हणून ते त्याच डबीत कुंकू ठेवत. कोणी विचारलं, तेलात का, तर ते सरळ सांगत, "पाण्याने शाई पसरते." पण बहुतेक लोक विचारत नसत. डबी घेत, बोट बुडवत, लावत. अशा पुष्कळ डब्या त्या वर्षी ग्वाल्हेरातून सामानाबरोबर रायपूरला गेल्या असाव्यात.

काका इंदूरला गेले नाहीत. शेवटपर्यंत दारावर रोज कागद लागत होता. शिंप्याने मला सांगितलं की ते वारले त्या सकाळीही तो लागला होता.

मला नोकरी लागली आणि नोकरीने मलाही रायपूरला आणलं. गेल्या उन्हाळ्यात एका मराठी सहकाऱ्याच्या घरी लग्न होतं, म्हणून मदतीला गेले होते. पत्रिका मोठ्या छापखान्यातल्या, गुळगुळीत, सोनेरी कडेच्या. त्याच्या भाचीने वाटीत पाणी आणलं, तेव्हा तिच्या आजीने तिला थांबवलं.

"पाणी नको ग. तेल आण. आपल्यात पत्रिकेला तेलातलंच कुंकू लागतं. ग्वाल्हेरची पद्धत आहे, महाराजांच्या वेळेपासूनची."

भाची कुरकुरली, "पण आजी, तेल क्यों?"

"क्यों म्हणजे? पहिल्यापासून आहे."

माझ्या हातात पत्रिका होती. मला न कळत अंगठा जिभेला लागला आणि गणपतीवर फिरला. छापील गणपती जागचा हलला नाही. पाणीच काय, कशानेही हलला नसता.

आजी माझ्याकडे बघत होत्या. "काय ग, काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "शाई पक्की आहे." आणि तेलाची वाटी माझ्याकडे ओढून घेतली.